कान ठीक आहेत

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडून ती बाहेर आली, तेव्हा बाकावरच्या रांगेत वन्सं बसलेल्या दिसल्या, आणि तिच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे की घरी आपलंच काहीतरी चुकलं असणार. दूध उतू गेलं असेल, नळ चालू राहिला असेल, आणि ते तोंडावर सांगायला या इथवर आल्या असतील. इतक्या वर्षांत वन्संनी या दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. नवऱ्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा तिनंच त्याला वाढवलं, शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून उमर काढली, स्वतःचं लग्न राहून गेलं की राहू दिलं ते कुणी विचारलं नाही, आणि भावाचं झालं तेव्हा घरात आलेल्या नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की या घरात बोलायचं असेल तर समोर येऊन बोलायचं, दाराआडून नाही. आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचायला शिट्टी लागत नसे. निवृत्तीनंतर मैदान गेलं आणि तो सगळा आवाज तीन खोल्यांत येऊन राहिला. आता त्याच वन्सं भिंतीला खांदा लावून बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड मुठीत गच्च आवळलेलं, चेहरा पिठासारखा, डोळे मिटलेले. शेजारचा माणूस वास आल्यासारखा थोडा सरकून बसला होता. ती जवळ गेली तसं डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "तूच ना? चपला घासत चालतेस, ओळखलं मी."

झालं होतं ते असं. सकाळी उठून बसल्या तर खोली एका अंगावर गेली, आणि गेली ती परत आलीच नाही. भिंत धरली तर भिंतही तिकडंच निघाली. दोनदा ओकारी झाली. भाऊ कामावर निघून गेलेला, ही त्याच्याही आधी. मग कोपऱ्यावरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं शेजारणीला धरून गेल्या. त्यांनी कानातले खडे हलले असतील म्हणून गोळी दिली. गोळी उलटून पडली. तेव्हा रिक्षा करून थेट इथं. घरचं दुकान असताना दुसरीकडं कशाला जायचं, असं म्हणून त्या हसायला गेल्या आणि हसू तोंडाच्या एकाच बाजूला थोडं जास्त गेलं, की तिला तसं वाटलं. तिनं त्यांच्या काखेत हात घातला. वन्संचं वजन तिनं कधी पेललं नव्हतं. उभ्या राहिल्या त्या लगेच डावीकडं ओढल्या गेल्या, कुणी पदर धरून खेचावं तशा, आणि दारापर्यंतच्या त्या थोड्याशा वाटेवर ती मनातल्या मनात म्हणत राहिली, कानाचंच आहे, कानाचंच असतं, दहांतल्या नवांचं कानाचंच असतं.

दवाखान्यात तिला चक्करवाली म्हणत. कानाच्या डॉक्टरांकडं येणाऱ्यांतले ऐकू न येणारे शेजारच्या खोलीत जात, आणि ज्यांचं जग फिरतं ते तिच्याकडं येत. पहिल्या काही वर्षांत ती त्यांचं बोलणं मन लावून ऐकायची. कुणी म्हणे पाळण्यात बसल्यासारखं होतं, कुणी म्हणे जमीन कापसाची झाली, एका म्हाताऱ्या शिंप्यानं सांगितलं होतं की सुईत दोरा ओवायला गेलो तर सुईच लांब चालत गेली. मग हळूहळू ऐकणं कमी झालं आणि डोळे बघणं वाढलं. कानाच्या आत, हरभऱ्याएवढ्या जागेत, नळ्यांमध्ये थोडंसं पाणी असतं, आणि त्या पाण्याच्या जिवावर माणूस सरळ उभा राहतो, जिना उतरतो, ताठ मानेनं कुणाला चार शब्द सुनावतो. ते पाणी बघता येत नाही. पण ते डोळ्यांना धरून असतं, आणि डोळे बघता येतात. तिला कधीकधी रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचा अचंबा वाटायचा, एवढ्याशा पाण्यावर भरवसा ठेवून हे सगळे निघालेत म्हणून. नवऱ्याला एकदा तसं सांगितलं तर तो म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, आणि स्वैपाकघरातून वन्सं म्हणाल्या, मग स्वतःच तपासून घे म्हणावं, फुकट आहे. तिघंही हसले होते. असे प्रसंग फार नव्हते, म्हणून लक्षात राहिलेले.

खोलीत तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्याचा घट्ट चष्मा बांधला. पडद्यावर वन्संचा डोळा ताटलीएवढा उमटला. घरात वन्संशी बोलताना तिची नजर नेहमी त्यांच्या हनुवटीवर नाहीतर हातांवर असायची. त्यांचा डोळा तपकिरी आहे, कडेला फिकट निळसर कडी आहे, हे तिनं आत्ता पाहिलं. बुबुळ सारखं ठेचकाळत होतं. डावीकडं बघा म्हटलं की डावीकडं ठेचकाळे. उजवीकडं बघा म्हटलं तेव्हा ती पडद्याकडं वाकली, कारण कानाचं दुखणं हट्टी असतं, कुठंही बघा, ते आपली एकच दिशा धरून बसतं. बुबुळ उजवीकडं ठेचकाळू लागलं. कॅमेऱ्याची काहीतरी गडबड असेल म्हणून तिनं पुन्हा बघायला लावलं. पुन्हा तसंच. मग चष्मा वर करून एक डोळा तळव्यानं झाकला, उघडला, दुसरा झाकला. उघडलेला डोळा वरून खाली घसरून जागेवर यायचा, जिन्याची शेवटची पायरी चुकावी तेवढाच, आणि कानाच्या दुखण्यात डोळे असे वर-खाली होत नाहीत. वन्सं म्हणाल्या, "लहान मुलांशी खेळतात तसं काय चालवलंयस गं?" ती म्हणाली, थोडंच राहिलंय.

राहिली होती ती डोक्याची चाचणी. समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि तपासणाऱ्यानं मागून दोन्ही हातांत डोकं धरून एकदम थोडंसं वळवायचं, कळेल न कळेल एवढं, पण झटक्यानं. कान बिघडलेला असेल तर डोळा डोक्याबरोबर वाहत जातो आणि मग चुकलेल्या पोरासारखा ठिपक्यावर परत उडी मारतो. कान चांगला असेल तर डोळा ठिपका सोडत नाही. चष्मा पुन्हा खाली बांधून तिनं वन्संचं डोकं हातांत घेतलं. केस पातळ झाले होते, खालची कवटी गरम आणि वाटलं होतं त्यापेक्षा लहान. एके वर्षी तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा वन्संनी रोज सकाळी तिची वेणी घातली होती. एक शब्द न बोलता, गुंता ओढून काढत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि शेवटी वेणीला एक हिसका देऊन, की झालं, जा. तेव्हा तिला त्या हातांचा राग आला होता. आता स्वतःच्या हातांत ते डोकं धरून ती उभी होती आणि तिला कधी नव्हे ते हवं होतं की डोळा हुकावा. हुकू दे, म्हणजे कान बिघडला असं म्हणता येईल, गोळ्या देता येतील, चार आठवडे भिंती धरून चालतील आणि पुन्हा सगळ्यांना फैलावर घेतील. तिनं डोकं वळवलं. डोळा ठिपक्यावर होता. दुसऱ्या बाजूला वळवलं. डोळा ठिपक्यावर. पुन्हा, आणि पुन्हा. पडद्यावर डोक्याची रेघ आणि डोळ्याची रेघ एकमेकींवर नीट बसल्या आणि यंत्रानं खाली हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल' लिहिलं.

"पास का नापास?" वन्संनी विचारलं.

"कान ठीक आहेत, वन्सं."

"हुश्श," त्या म्हणाल्या. आणि मग, मान चाचपत, "पण जरा बेतानं फिरवावं बाई. पंखे पुसले त्या दिवसापासून मान धरलीये माझी."

यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता. मान दुखते का, हे डोकं धरण्याआधी विचारायचं असतं. रोज विचारते ती, दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला, आपलं नाव सांगावं तसं. घरच्या माणसाला विचारायचं राहिलं. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर कधी कधी साध्या कारणानं फाटतं. वर बघत पंखे पुसण्यानं, न्हाव्यानं मान मोडण्यानं. तिथं गुठळी धरते. मेंदूच्या देठाला, जिथून गिळणं, बोलणं, तोल, श्वास हे सगळं चालतं, तिथं रक्त पोचत नाही, आणि जग एका अंगाला कलतं. तिचे तळवे अजून गरम होते. तिनं ते पदराला पुसले.

कानाच्या डॉक्टरांना तिनं तीन वाक्यांत सांगितलं, मानेचं धरून. ते जेवायला बसले होते. डबा तसाच टाकून आले, स्वतः वन्संचे डोळे पाहिले आणि मेंदूच्या दवाखान्यात फोन लावला. तिथं पोचल्यावर मात्र सगळी घाई एकदम ढिली पडली. डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरनं तो उजेडावर धरून दाखवला आणि म्हणाला की रक्तस्राव नाही, काही नाही, मेंदूचे मोठे डॉक्टर येतीलच. तोवर नवरा येऊन पोचला होता. तो धावत आलेला, घामाघूम, आणि फोटो स्वच्छ आहे म्हटल्यावर त्याचे खांदे खाली आले. त्यानं वन्संच्या पायावर थाप मारली, घाबरवलंस की म्हणाला, आणि बाहेर येऊन पॅसेजमधल्या खुर्चीत तिच्याशेजारी पाय लांब करून बसला.

"इथलंही नॉर्मल, तुमच्याकडचंही नॉर्मल. मग तू असा चेहरा करून का बसलीस?"

ती म्हणाली, "कानाचं असतं तर आमच्याकडची तपासणी बिघडली असती. कान चांगले आहेत आणि घर फिरतंय. मग फिरतंय ते कुठून?"

तो तिच्याकडं बघत राहिला. एखादं गणित मुद्दाम अवघड करून सांगणाऱ्या माणसाकडं बघावं तसा. तिनं पुन्हा सांगितलं, की फोटोत इतक्या लवकर दिसत नाही, या जागेचं तर नाहीच, डोळ्यांत आधी दिसतं. तो म्हणाला, "म्हणजे चांगलं आलं तरी वाईट, आणि वाईट आलं असतं तर चांगलं. ताईला काहीतरी वाईट निघायलाच हवंय का तुला?"

हे तो रागानं म्हणाला नव्हता. थकून म्हणाला होता, आणि म्हणून ते जास्त खोल गेलं. घरात शांतता हवी असं तिनं कितीदा म्हटलं होतं, उशीत तोंड खुपसून, आंघोळीच्या पाण्याच्या आवाजाआड, एकदा तर देवाधर्मावर विश्वास नसताना नुसतंच छताकडं बघून. एक दिवस तरी हा आवाज थांबू दे. पॅसेजमध्ये कुणीतरी फरशी पुसत होतं, ओल्या फरशीवर दिव्यांचे पट्टे पडले होते, आणि ते तिला किंचित कललेले दिसत होते. ती उठून उभी राहिली, जमीन सरळ आहे ना हे बघायला. होती.

मेंदूचे डॉक्टर उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला आत बोलावलं, काय पाहिलं ते विचारलं, आणि स्वतः फक्त डोळे तपासले, मानेला हात लावला नाही. मग पिन घेऊन वन्संच्या गालाला टोचली, हाताला टोचली, आणि वन्सं म्हणाल्या की डाव्या गालाला नुसतं बोट लागल्यासारखं वाटतंय. रक्त पातळ करण्याचं औषध त्यांनी तेव्हाच सुरू केलं. संध्याकाळी उचक्या लागल्या. पाणी प्यायला दिलं तर नाकातून आलं. आणि आवाज गेला. एकदम नाही, फाटलेल्या चेंडूतून हवा जावी तसा, एका वाक्यात सुरू होऊन पुढच्या वाक्यात संपलेला. वन्संनी भावाला हाक मारली आणि ती हाक खाटेच्या कडेलाही पोचली नाही. त्यांनी पुन्हा मारली. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, तोंड मैदानाएवढं उघडलं, आणि बाहेर आली ती एक खरखरीत फुंकर. वन्संच्या चेहऱ्यावर तेव्हा भीती नव्हती. कुणीतरी आपली वस्तू न विचारता उचलली, असा चेहरा होता. दोन दिवसांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा देठाच्या डाव्या बाजूला तांदळाएवढा पांढरा ठिपका आला होता. तो नवऱ्यानं पाहिला, आणि पुढं बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला.

मेंदूच्या डॉक्टरांना तिनं एकदाच विचारलं, जिन्यात गाठून. मी डोकं फिरवलं होतं, झटक्यानं, म्हणाली. ते दोन पायऱ्या खाली होते, त्यामुळं त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले. फाट आधीची आहे, ते म्हणाले, चक्कर आली तेव्हाच गुठळी वर गेलेली होती, तुमच्या हातांनी यात काही केलेलं नाही. मग जरा थांबून म्हणाले, "हे मी तुम्हाला दहा वेळा सांगीन, आणि तरी तुम्ही अकराव्यांदा विचाराल. विचारत जा." तिनं पुन्हा विचारलं नाही. पण कामावर परतल्यावर कुणाचंही डोकं हातांत घेण्याआधी ती थांबू लागली. मान दुखते का, मान दुखते का, असं ती एकाच माणसाला दोन-दोनदा विचारी, आणि बाहेरच्या रांगेतले लोक कंटाळून घड्याळाकडं बघत.

वन्सं घरी आल्या त्या नाकात नळी घेऊन. औषधं, दूध, पातळ केलेलं जेवण, सगळं त्या नळीतून. डावीकडं कलून बसत. सरळ बसवलं तर म्हणत, का पाडताय मला. अंगाचे जणू कुणी वाटे केले होते: चेहऱ्याच्या डाव्या बाजूला ऊन-गार कळत नसे, आणि गळ्याखाली उजव्या बाजूला. आंघोळ घालताना ती पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघे. घरात आता शांतता होती. भांड्यांचे, शेजारच्या रेडिओचे, नळाचे असे आवाज ऐकू यायला लागले, जे इतकी वर्षं असणारच, पण वन्संच्या आवाजाखाली दबलेले होते. नवरा संध्याकाळी येऊन खाटेशी बसे, आणि ताईचे ओठ वाचायला शिके, आणि चुके. वन्सं चिडून हातानं मांडी बडवत. एकदा त्याला काही केल्या समजेना, तेव्हा तिनं स्वैपाकघरातूनच सांगितलं, त्या म्हणताहेत दाढी कर. वन्संनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या खरखरीत फुंकरीतलं तिला सगळं कळत होतं. का कळत होतं, कुणास ठाऊक. आयुष्यभर तिनं तो आवाज बंद व्हावा म्हणून इतका कान देऊन ऐकला होता, त्याचं कदाचित हे फळ.

गिळण्याची तपासणी झाली. पांढरं दाट पाणी चमच्यानं दिलं आणि ते कुठं जातं ते पडद्यावर पाहिलं. थोडं अन्ननळीत गेलं आणि बाकीचं गुपचूप श्वासनळीत उतरलं. वन्सं खोकल्या नाहीत. तपासणारी मुलगी म्हणाली की वाईट हेच आहे, ठसका लागला असता तर निदान राखण जागी आहे म्हणता आलं असतं. महिनाभर व्यायाम करून पुन्हा तपासणी केली, पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी पोटातून कायमची नळी घालायचं सुचवलं. नवरा लगेच हो म्हणाला. वन्संनी मानेनं नाही सांगितलं, आणि तो नकार त्यानं पाहिलाच नाही की पाहून सोडून दिला, तिला कळलं नाही. त्यानं तारीख घेतली.

त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात तिनं रजा टाकली होती. दुपारी ती स्वतःसाठी चहा करून खाटेशी आणून बसली, आणि बसल्यावर तिला चूक कळली. वन्सं कपाकडं बघत होत्या. कपातून वाफ वर जात होती आणि वन्संची नजर तिच्याबरोबर वर जात होती. ती कप घेऊन उठायला लागली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. म्हणाल्या, अर्धा चमचा. ती नाही म्हणाली. वन्सं म्हणाल्या, जिभेवर ठेवून थुंकते. तिनं नाही म्हटलं, कारणं सांगितली, जी वन्संना तिच्याइतकीच माहीत होती. शेवटी तिनं वाटी हनुवटीखाली धरली आणि चमचा दिला. वन्संनी डोळे मिटले, चहा तोंडात फिरवला, आणि वाटीत थुंकला. चव आहे की, त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्या दुपारी दोघींनी कितीतरी वर्षांत मारल्या नसतील अशा गप्पा मारल्या, शाळेतल्या, खेळाडू पोरींच्या. वन्सं एका पायावर तासभर उभ्या राहण्याची पैज जिंकल्या होत्या ती गोष्ट सांगताना मध्येच थांबून म्हणाल्या, "तुझा चेहरा वाचला होता मी त्या दिवशी. कान ठीक म्हणालीस तेव्हाच. तुझ्या अंगात खोटं बोलायची कला नाही." तिनं विचारलं, मग काही बोलला का नाहीत. वन्सं म्हणाल्या, "तू घाबरलेली होतीस. तुला आणखी कुठं घाबरवू."

तिसऱ्या दिवशी चमचा दिला आणि वाटी पुढं केली. वन्संनी वाटी हातानं बाजूला सारली. त्यांचा गळा वर गेला आणि खाली आला. तिनं ते पाहिलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि नंतरही काहीच झालं नाही. ठसका नाही, चेहरा लाल नाही, डोळ्यांत पाणी नाही. वन्सं शांत होत्या, तोंडाच्या एका बाजूनं हसत होत्या, आणि कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं की बाई बरी झाली. पोटातली नळी नको मला, त्या म्हणाल्या. इतकंच. तिनं त्यांना वाकवून पाठीवर थापट्या मारल्या, पाठीला कान लावला. उजव्या बाजूला, खाली, अगदी बारीक, ओल्या कागदासारखा आवाज होता. मग तिनं नवऱ्याला फोन लावला आणि घरी ये म्हणाली, चमच्यानं चहा दिला होता, तो गिळला.

"खोकतेय का?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात खोकल्या नाहीत."

पलीकडं त्याच्या कचेरीतले आवाज येत राहिले, कुणीतरी हसलं, कुठलीतरी खुर्ची करकरली. त्यानं चांगलं-वाईट काही विचारलं नाही.

"निघालो," तो म्हणाला.

ताप दुसऱ्या दिवशी भरला. मेंदूच्या त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर नेलं. फुप्फुसं भरत गेली, आणि वन्सं तिथून परत आल्या नाहीत. शेवटी शेवटी त्यांच्या ओठांवर काय होतं ते तिला वाचता आलं नाही, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. भेटायला शाळेतल्या खूप बायका आल्या, आता पोक्त झालेल्या, आणि प्रत्येकीनं त्या आवाजाची आठवण काढली. नवरा सगळ्यांशी नीट बोलला. तिच्याशी चहाबद्दल तो काहीच बोलला नाही, आणि ती वाट बघत राहिली, जशी डोकं वळवल्यावर डोळ्याच्या उडीची बघतात. सगळे पाहुणे गेल्यावर एका सकाळी, बूट घालता घालता, नाडीच्या गाठीकडं बघत, त्यानं विचारलं, "साखर होती त्यात?"

"होती," ती म्हणाली. "त्यांना लागते तेवढी."

त्यानं मान हलवली, गाठ सोडून पुन्हा बांधली, आणि कामावर गेला.